चिंचेपाशी वळलेली गाडी

सलाम, मंडळी, सलाम! मागच्यांना ऐकू येतंय ना? ओट्यावरच्या बायांनो, थोडं पुढं सरका – इथं जागा आहे, आणि मी काही चावत नाही!

आज हंगामाचा सण. केळीचे खांब लागलेत, ज्वारीची कणसं लटकलीत, भोपळे असे रांगेत बसलेत की वाटावं, मंडळीपेक्षा भोपळेच जास्त लक्ष देऊन ऐकतील! अशा दिवशी कीर्तनकारानं गोड बोलावं. पण मला आज गोड येत नाही. आधीच सांगून ठेवतो.

एक प्रश्न विचारतो. कुणाच्या घरी वाईट झालं की आपण काय म्हणतो? सगळे मिळून सांगा! ‘देवाची योजना!’ बरोबर. पाठ आहे तुम्हाला. आता पुढचं सांगा – हे म्हणतं कोण? ज्याच्या घरी झालं तो? का ज्याच्या घरी नाही झालं तो?

बघा आठवून.

सांत्वनाला माणसं येतात. सतरंजीवर बसतात, चहा घेतात, सुस्कारा टाकतात आणि उठताना ‘देवाची योजना’ तेवढी मागं ठेवून जातात. कपबशी विसळता येते हो. त्या योजनेचं त्या घरातल्या बाईनं काय करायचं?

बायबलातल्या त्या ईयोबाची लेकरं, गुरंढोरं एका दिवसात गेली, तेव्हा त्याचे मित्र तरी सात दिवस गप्प बसले होते. तेवढे सात दिवस ते शहाणे होते! आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि घात झाला. आपल्याला तर सात मिनिटंसुद्धा धीर निघत नाही.

मग देवाच्या योजनेवर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? तोंड मिटून बसायचं? रडू गिळायचं? त्याचं उत्तर एका बाईनं दिलं. ऐका.

दगडपिंपरी नावाचं गाव. नगरकडचं. शंभर उंबरे, त्यात आपली ख्रिस्ती वीस-पंचवीस घरं, दगडी देऊळ, वर क्रूस आणि घंटा. आणि त्या गावात सगुणाबाई मकासरे. नवरा तरुणपणीच गेलेला, पदरात एकच लेक – सुवार्ता. बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी रानाचं नाव नाही! कारण येशूच्या आठवणीत सगळी मंडळी मोडून खाते ती प्रभुभोजनाची भाकर तिच्या हातची.

तालुक्याहून बेकरीचा पाव आणायची पद्धत नव्हती तिथं. बेखमीर, खमीर न घातलेली भाकर लागायची. सगुणाबाई पहाटे अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची, गव्हाचं पीठ परातीत घ्यायची आणि मळता मळता तिचीच तिची ओवी –

मळिते मी कणीक, देवा, तुझ्या नावानं ।
भाकर मोडू आम्ही आज एका जिवानं ॥

काय गळा होता! शेजारचे गेनबा – ते आपल्यातले नव्हेत, कुंपणापलीकडं त्यांचा गोठा – ते म्हणायचे, “सगुणाबाई गायला लागली की म्हैस पान्हा सोडती!” आता याच्यात स्तुती बाईची का म्हशीची, ते त्यांनाच ठाऊक.

लेक मोठी झाली, लग्न झालं, पुण्याला नांदायला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सगुणाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांनी ट्रंक भरली, डिंकाचे लाडू झाले, बाळाची टोपडीसुद्धा शिवून तयार.

आणि हंगामाच्या सणाचा रविवार उजाडला. सकाळीच सुवार्ताच्या पोटात कळ आली. कळ तर येणारच – पण कळेबरोबर रक्त! सुईण हौसाबाई धावत आली, पोट चाचपलं आणि तिचा चेहराच पडला.

“सगुणे, हे माझ्या हातातलं काम न्हाई. पोरीला आत्ताच्या आत्ता तालुक्याला, दवाखान्यात न्ह्याय पाहिजे.”

तेव्हा मोबाइल नव्हते, बोलावली की येणारी ॲम्बुलन्स नव्हती. कुंपणापलीकडून गेनबांनी ऐकलं. माणसानं काही विचारलं नाही – बैल जुंपले, गाडीत पेंढा पसरला, वर घोंगडी टाकली आणि गाडी दारात आणून उभी केली!

“चल बाई, घाल पोरीला. हळूहळू का व्हईना, दुपारच्या आत पोचवतो.”

आता नीट ऐका. बैलगाडी दारात आहे. पण गावात एक जीपही आहे. कुणाची? आपल्या मंडळीचे पंच, याकोबराव ओहोळ, त्यांची. माणूस वाईट नव्हता हो! देवळाचं छप्पर त्यानं घातलं, अडल्यानडल्याला पोतंभर धान्य दिलं. प्रार्थनेला उभा राहिला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाईट माणसाची गोष्ट सांगायची नाहीच. वाईट माणसाची गोष्ट सांगितली की तुम्ही सुटता!

सगुणाबाई पंचांच्या दारी धावली. दारात जीप उभी. पण कशी? बॉनेटवर कणसांच्या पेंढ्या, दोन्ही बाजूंना ऊस, काचेवर झेंडूच्या माळा – नवरदेवाचा घोडा तरी इतका सजतो का! कारण त्या दिवशी सणाला शहरातून मोठे उपदेशक येणार होते. त्यांना स्टँडवरून आणायचं, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणं पाहुणा पहिल्या कणसांसकट गाडीत बसूनच देवळाच्या दारापर्यंत यायचा. पुढं ढोलकी, मागं मंडळी. ही रीत याकोबरावांच्या वडिलांनी घातलेली.

“पंच, पोरीला रक्त जातंय. गाडी द्या.”

याकोबराव हळहळले. खरंच हळहळले! म्हणाले, “अगं बाई, साहेब आता एसटीनं उतरतील. एवढा मोठा माणूस उन्हात तिष्ठत ठेवायचा का? गाडी गेली न् आली. पहिलटकरणीला वेळ लागतोच.”

“दारात गेनबाची बैलगाडी हाय. मंग तिच्यातनं नेते.”

“छे छे! बैलगाडीत हिसके बसतील, पोरीचं कमी-जास्त व्हायचं. जीपच बरी. चल, मी येतो, आपण प्रार्थना करू. सगुणाबाई, विश्वास आहे ना तुझा? मग विश्वास ठेव.”

बघा मंडळी, शब्द कोणता वापरला! ‘माझं ऐक’ म्हणाला असता, तर बाई भांडली असती. ‘माझी अडचण आहे’ म्हणाला असता, तर सरळ बैलगाडीत जाऊन बसली असती. पण ‘विश्वास ठेव’ म्हटल्यावर आपला ख्रिस्ती माणूस काय करणार? जन्मापासून आपण हेच शिकलो. पंचाचा शब्द कुठं संपतो आणि देवाचा कुठं सुरू होतो, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

सगुणाबाई घरी आली आणि गेनबांना म्हणाली, “गाडी माघारी न्या, दादा. जीप येतीय.”

गेनबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आतल्या अंधाऱ्या खोलीकडं. “बाई, जीप आली की मी बैल सोडतो. तवर राहू दे उभी.”

“न्हाई दादा, न्या. पंचांनी शब्द दिलाय. इस्वास नको का ठेवायला?”

नेली बिचाऱ्यानं.

याकोबराव आले, दाराशी उभे राहिले. अशी प्रार्थना केली, अशी केली, की हौसाबाईच्याही डोळ्यांना पाणी. मग टोपी घातली आणि देवळाच्या तयारीला गेले.

इकडं एसटी उशिरा आली. ड्रायव्हर जीप घेऊन स्टँडवर उभा. स्टँडवर ऊन. आणि घरात सुवार्ता –

“आई, गाडी आली का?”

“येतीय, बाळा.”

कापड बदललं. पुन्हा बदललं. बाळासाठी ठेवलेली दुपटी ट्रंकेतून निघाली, तीही भिजली.

“आई, आली का गं?”

“आलीच बघ.”

सगुणाबाई ओसरीवर यायची, रस्त्याकडं बघायची, आत जायची. ओठांवर एकच – ‘मी इस्वास ठेवते, देवा. मी इस्वास ठेवते.’

आणि ढोलकी ऐकू आली! आली हो, आली! लांबून, मग जवळून. झांजा, गाणं, हॉर्न! बाई आत पळाली. “सुवार्ते, ऊठ माझी बाय, गाडी आली!” हौसाबाईनं पोरीच्या काखेत हात घातले, दोघींनी मिळून तिला उठवलं, ओसरीपर्यंत आणलं. पोर पांढरीफटक, पण हसली! आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली – गाडी आली म्हणून.

सगुणाबाईच्या घरासमोर रस्ता फुटतो. तिथं मोठं चिंचेचं झाड. डावीकडं तिचं दार, उजवीकडं देऊळ.

ढोलकी चिंचेपाशी आली. आणि उजवीकडं वळली.

हौसाबाई ओरडत मिरवणुकीत घुसली. “अहो थांबा, पोर मरतीय!” झांजांत कुणाला ऐकू जातं? जीपच्या कडेनं चालणाऱ्या याकोबरावांचा हात तिनं धरला. ते म्हणाले, “एवढं दारापर्यंत नेतो, साहेब उतरले की लगेच धाडतो.” आणि धाडलीही! हार झाले, स्तुतिगीत झालं, साहेब उतरले, आणि जीप धाडली. शब्दाचा माणूस!

तालुक्याच्या रस्त्यातच, साखर कारखान्याच्या अलीकडं, आईच्या मांडीवर सुवार्ता गेली. पोटातलं लेकरूही गेलं. जीपमधून ऊस काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तसाच, झेंडूच्या माळांसकट, तो सगळा थाट माघारी आला.

पाणी द्या जरा.

दुसऱ्या दिवशी माती झाली. कबरेच्या काठावर याकोबराव प्रार्थनेला उभे राहिले. म्हणाले, “प्रभो, तुझी योजना आम्हाला कळत नाही, पण तुझी योजना उत्तम आहे.” सगळी मंडळी म्हणाली, “आमेन!”

सगुणाबाई नाही म्हणाली.

झालं! रडली नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. आमेन म्हणाली नाही, हे मात्र गावभर झालं! बाया समजूत घालायला आल्या. एक म्हणाली, देवाला सुंदर फूल हवं होतं. बागेचा मालक काय गं, दुसऱ्याच्या ओसरीवरची फुलं खुडत हिंडतो? दुसरी म्हणाली, तुझी परीक्षा आहे. परीक्षा आईची आणि जीव लेकीचा? कुठल्या शाळेत असा मास्तर असतो? हे मी बोलतोय हं, सगुणाबाई बोलली नाही. ती ऐकून घ्यायची, चहा द्यायची, गप्प बसायची.

दर रविवारी देवळात मात्र यायची. दारापाशी बसायची. गाण्याला उठायची नाही, आमेनला ओठ हलवायची नाही. पण यायची! मला सांगा, जी बाई देवाला सोडून गेली, ती दर रविवारी त्याच्या दारात कशाला येऊन बसेल?

पंचमंडळात चर्चा झाली. ठरलं काय? आमेन न म्हणणाऱ्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर नको! पहिल्या रविवारी तालुक्याहून पाव आला. खमिरानं टम्म फुगलेला. बेखमीर भाकर बंद, आणि फुगलेला पाव चालू! हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं होतं.

मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तिच्याकडं निरोप घेऊन आले. “बाई, रीत आहे. घरी उपकारस्तुतीची भक्ती ठेवा, मंडळीसमोर साक्ष द्या, म्हणजे दुःख फिटलं म्हणायचं. मग मेजाचं काम पुन्हा तुमचंच.”

तुमच्याकडंही आहे ना ही रीत? दुःखाच्या घरच्यानं उभं राहायचं, ‘देवानं केलं ते बऱ्यासाठी केलं’ म्हणायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, मग चहा आणि बुंदी. सगळ्यांना हलकं वाटतं. ज्याचं गेलं तो सोडून.

सगुणाबाईच्या आयुष्यात आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक देव आणि एक ती भाकर. भाकर परत हवी, तर साक्ष द्यायची. आणि साक्ष द्यायची, तर देवाच्या नावानं खोटं बोलायचं. काय करावं बाईनं?

वर्षभर तिनं दाद दिली नाही. वर्ष फिरलं, पुन्हा हंगाम तोंडावर आला, आणि तिनं पाळकांना निरोप धाडला – “शनिवारी दुपारी भक्ती ठेवा. साक्ष देते.”

सगळी मंडळी खूश! “देवानं मन वळवलं बाईचं!” याकोबराव स्वतः पुढारपणाला आले. अंगण भरलं. एक गीत झालं, वचन झालं, आणि सगुणाबाई उठली. ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली.

“मंडळीला सलाम. समद्यांनी मला सांगितलं, ही देवाची योजना व्हती. मी वरीसभर त्याला इचारलं, देवा, ही तुझी व्हती का? तो बोलला न्हाई. मी लई शिव्या दिल्या त्याला. म्हटलं, माझी पोर रक्तात पडली, अन् तू तकडं देवळात ऊस-कणसं बघत बसला.”

पाळकसाहेब चुळबुळले. बाई थांबली नाही.

“मंग एक दिवस मी हितंच बसले व्हते. सुवार्ता इचारायची ना, ‘आई, गाडी आली का?’ तेच आठवत व्हते. अन् मला उमगलं. देव देवळात न्हवताच! तो ह्या ओसरीवर बसला व्हता. माझ्यासारखाच रस्त्याला कान लावून. त्यालाबी ढोलकी ऐकू आली. त्यालाबी वाटलं, आली गाडी. अन् ती चिंचेपासून वळली, तवा माझ्यासंगं त्याचाबी जीव तुटला. त्याला हे नवं हाय का? त्याचं लेकरूबी असंच गेलं, क्रुसावर. देवळातल्याच मोठ्या मान्सांनी नेलं. अन् तेबी म्हणलेच असतील, देवाची इच्छा!”

याकोबरावांची मान खाली गेली होती.

“पंच, योजना देवाची म्हणता, पर गाडी तुमची व्हती. अन् बैलगाडी माघारी लावली ती मी. तुमचा शब्द मी त्याचा शब्द धरला, हे माझं पाप. तुमचं तुम्ही घ्या, माझं मी घेते. त्याच्या डोईवर घालू नका. त्याची काय योजना आसंल ती आसंल. मला ठावं न्हाई. माझी पोर मारायची न्हवती, एवढं मला ठावं हाय. मी त्याच्यावर इस्वास ठेवते. त्याच्याबिगर मला हाय कोण? ही माझी साक्ष. आता म्हणा आमेन.”

मंडळी, अंगणात कोण बोलेल? ज्या मंडळीला वर्षभर आमेन पाहिजे होतं, त्या मंडळीच्या तोंडात आमेन नाही!

आणि कुंपणापलीकडून, गोठ्यातून, दोन्ही हात जोडून म्हातारे गेनबा म्हणाले, “आमेन.”

उभा जन्म त्यांनी तो शब्द कुंपणावरून ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.

चहा कुणी घेतला नाही. एकेक जण उठून गेला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगुणाबाईनं कणीक मळली. कुणाला विचारलं नाही. ओवी म्हटली नाही, गेनबा कान लावून बसले होते, पण ओवी आली नाही. भाकर धुतल्या फडक्यात गुंडाळून तिनं मेजावर नेऊन ठेवली, पाव बाजूला सरकवला, आणि यावेळी दारापाशी नाही, पुढं बसली. उचला म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

भाकर मोडली. ताट घेऊन रांगेतून फिरायचा मान पंचांचा. याकोबराव तिच्यासमोर आले. तिनं तुकडा घेतला, खाल्ला. मग याकोबरावांनी आपला उचलला. तोंडापर्यंत नेला, पण घास जाईना. त्यांनी तो रुमालात बांधला आणि घरी नेला. पुढं त्यांनी काय केलं, ते देव जाणे. आणि गावानं? हंगामाच्या सणाला दगडपिंपरीत जीप पुन्हा सजली! याकोबरावांची नाही, दुसऱ्या पंचांची.

म्हणून मला आज गोड येत नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, त्या दिवशीचे ते मोठे उपदेशक तुम्हीच की काय? नाही हो, मी नव्हतो. म्हणजे तुम्ही सुटलात का? मी सुटलो का? आज सकाळी स्टँडवर मला घ्यायला तुमची गाडी आली होती. झेंडूच्या माळा होत्या, ऊस मानेला टोचत होता. ओढ्याच्या वळणावर, पत्र्याच्या घराच्या दारात, एक बाई उभी होती. पदर तोंडाला लावून गाडीकडं बघत होती. तुमच्यातले दोघे-तिघे तिच्याकडं बघून हसले, हात हलवला. तिनं नाही हलवला.

कोण आहे ती? तिच्या घरात कोण निजलंय? सांगा ना, वीसच तर घरं आहेत तुमची! नाही ठाऊक?

मग टाळ ठेवा खाली. जयजयकार राहू द्या, तो काही शिळा होत नाही. देव इथं भोपळे बघत बसलेला नाही, तो त्या ओसरीवर आहे. गाडी बाहेर उभी आहे. किल्ली कुणाकडं आहे?

उठा. ऊस नंतर काढा.